स्वेटर, पायजमे आणि मधोमध विरलेली चादर

२ नोव्हेंबर

तीन कामं एकदम हाती घेतली आहेत. लेकीचा स्वेटर, तिचे दोन पायजमे आणि मोठी सुती चादर. चादर मधोमध विरून जाळीसारखी झाली आहे, पण दोन्ही कडांना अजून नव्यासारखी घट्ट आहे.

गेल्या वर्षी ठरवलं होतं की एक संपल्याशिवाय दुसरं काढायचं नाही. त्यात स्वेटरची पाठ अर्धी झाली आणि तशीच सुईवर राहिली. आज ती लेकीच्या पाठीला लावून पाहिली. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं कमी पडली. लोकर चांगली आहे, म्हणून सगळं उसवून गुंडे केले आणि नव्याने मापं घेतली. छाती ६२ सेंमी. सैलपणा ८ धरला, म्हणजे स्वेटरचा घेर ७०.

नोंदी ठेवण्याचं कारण एकच. वेळ कुठे जातो ते मला कागदावर बघायचं आहे. "वेळच मिळत नाही" हे मी इतक्यांदा म्हटलंय की ते किती खरं आहे हे आता मलाच ठाऊक नाही.

४ नोव्हेंबर

टाके मोजण्यासाठी नमुन्याचा छोटा तुकडा विणला. ४ मिमीच्या सुया, ३० टाके, ४० ओळी, कडेला चार-चार टाके सुलटच. सुया आईंच्या (सासूबाईंच्या) जुन्या आहेत, त्यांच्यावर ८ नंबर आहे. जुन्या पद्धतीत ८ म्हणजे ४ मिमी आणि १० म्हणजे सव्वातीन. नंबर वाढला की सुई बारीक होते. नव्या सुयांवर सरळ मिलिमीटर लिहिलेले असतात, त्यामुळे जुन्या-नव्या सुया एकाच डब्यात असल्या की घोटाळा होतो. आज सगळ्यांना कागदी चिठ्ठ्या बांधल्या.

१० सेंमीत २२ टाके आले. लगेच टाके घालायला हात शिवशिवत होते, पण नमुना कोमट पाण्यात भिजवला, पिळला नाही, टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळत घातला.

६ नोव्हेंबर

बरं झालं धुतला. २२ चे २१ झाले आणि ओळी ३० च्या २८. लोकर भिजल्यावर सैलावली.

एका टाक्याने काय होतं? ३५ सेंमी रुंद पाठीला २२ च्या हिशेबाने ७७ टाके घातले असते. तेच ७७ टाके धुतल्यावर ३६.७ सेंमी झाले असते. पुढचा आणि मागचा भाग मिळून घेर तीन सेंमीहून जास्त वाढला असता. आता ७३ टाके आणि शिवणीसाठी कडेचे दोन, असे ७५. विषम आकडा एक सुलट-एक उलट बॉर्डरला सोयीचा, दोन्ही टोकांना सुलट टाका येतो.

सहा गुंड्यांपैकी पाच एका बॅचचे आहेत, सहावा वेगळ्या. उजेडात शेजारी धरले तर सहावा किंचित गडद दिसतो. तो सगळ्या बॉर्डरींना आणि गळ्याला वापरायचा. मधेच लागला असता तर पाठीवर आडवा पट्टा दिसला असता.

९ नोव्हेंबर

बॉर्डर झाली. १६ ओळी, १० नंबरच्या सुईवर. मग ४ मिमीवर आले.

घड्याळ लावून पाहिलं. ७५ टाक्यांच्या एका ओळीला मला साधारण ४ मिनिटं लागतात. मुंढ्यापर्यंत (बाही जोडायच्या जागेपर्यंत) ५४ ओळी, मुंढ्याच्या ४४, अशा ९८ ओळी म्हणजे साडेसहा तास. आकडा बघून बरं वाटलं. साडेसहा तास सलग मला कधीच मिळणार नाहीत, पण ४ मिनिटं दिवसातून कितीतरी वेळा मिळतात. तिच्या शाळेची गाडी येईपर्यंत, कोणाचा तरी फोन चालू असताना, पाणी तापेपर्यंत.

१२ नोव्हेंबर

तीन दिवसांत २२ ओळी. पण आज दोनदा ओळ अर्धी टाकून उठावं लागलं. परत बसले तेव्हा कुठल्या दिशेने जायचं ते कळेना. एकदा उलट दिशेने दहा टाके विणून झाल्यावर लक्षात आलं, कारण मधे भोक पडलं.

आई समोरच बसल्या होत्या. त्यांची बोटं आता आखडतात, विणता येत नाही, पण नजर हातावर असते. म्हणाल्या, "अगं, गुंड्याचा धागा कुठल्या सुईतून निघालाय ते बघ. ती सुई उजव्या हातात धरायची. चुकणारच नाहीस." इतकी सोपी खूण मला इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती. मग म्हणाल्या, "आणि ओळ पुरी करूनच ऊठ. दोन मिनिटांत काही बिघडत नाही."

त्याला आणखी एक कारण आहे. ओळ अर्धवट ठेवून रात्रभर सुया तशाच राहिल्या की त्या जागचे टाके ताणले जातात आणि नंतर तिथे उभी रेघ दिसते. म्हणून ओळ पुरी, टाके सुईच्या मध्यात ढकललेले आणि टोकाला खोडरबर टोचलेला, एवढं झाल्याशिवाय उठायचं नाही. लेकीलाही सांगितलंय, "एवढी ओळ होऊ दे." आता तीच मोजत बसते, किती टाके उरले.

१६ नोव्हेंबर

चादर. मधोमध कात्रीने बोटभर छेद दिला आणि हाताने फाडली. साधं सुती विणीचं कापड धाग्याला धरून सरळ फाटतं, कात्रीने इतकी सरळ रेघ मला येत नाही. टर्रकन आवाज झाला तशी लेक पळत आली आणि घाबरून बघत राहिली. मग दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

आता दोन तुकडे झाले, ११५ सेंमीचे. आतापर्यंत कडेला असलेल्या घट्ट किनारी मध्यभागी आणून जोडायच्या. विरलेला भाग आपोआप बाहेरच्या कडांना जातो. तिथला २०-२० सेंमीचा पट्टा कापून टाकायचा आणि नव्या कडा दुमडायच्या. २३० ची चादर साधारण १८५ ची होईल, लेकीच्या पलंगाला भरपूर. कापलेले पट्टे पुसण्याला.

फाडणं दहा मिनिटांत झालं, म्हणून तिथेच थांबले. मशीन काढायचा मोह टाळला.

१७ नोव्हेंबर

पायजम्याचं कापड कापायच्या आधी धुतलं. २ मीटरचं १ मीटर ९२ झालं. हे शिवल्यानंतर झालं असतं तर पाय आखूड झाले असते आणि ते वाढवता आले नसते.

२२ नोव्हेंबर

बेतण्याचा दिवस. लेकीचा जुना पायजमा कागदावर पसरून आखला, सगळीकडे २ सेंमी वाढवलं, त्यावर आणखी दीड सेंमी माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड). कापडाच्या उभ्या धाग्यावर पाय सरळ बसतो की नाही ते किनारीपासून दोन ठिकाणी मोजून पाहिलं. धागा तिरका गेला तर धुतल्यावर पाय पिळवटतो. पूर्वी एकदा शिवलेल्या पायजम्याची बाजूची शिवण गुडघ्यापासून पुढे पोटरीवर आली होती, ती अशीच.

खाली दुमडीला ८ सेंमी जास्त सोडले. ते आत दुमडून कच्च्या दोऱ्याने धरायचे, वाढली की उलगडायचे.

डबीत ४० टाचण्या आहेत. काम सुरू करताना मोजते आणि आवरताना मोजते. आज ३९ भरल्या. गुडघ्यांवर बसून लोहचुंबक जमिनीवरून फिरवला, टेबलाच्या पायापाशी सापडली. घरात अनवाणी फिरणारं मूल आणि म्हातारी माणसं असताना ही मोजणी मी कधीच सोडणार नाही.

२३ नोव्हेंबर

मशीनचा दिवस. आज एक गोष्ट कागदावर आली म्हणून सविस्तर लिहिते.

टेबल रिकामं करणं, मशीन उचलून आणणं, बॉबिन भरणं, सुई बदलणं, चिंधीवर टीप तपासणं: २५ मिनिटं. चादरीच्या मधल्या जोडाची अडीच मीटरची टीप: ५ मिनिटं. परत आवरणं: १५ मिनिटं. म्हणजे एका टिपेसाठी मशीन काढलं तर पाऊण तासातली पाचच मिनिटं शिवण्याची. मला शिवणाला वेळ मिळत नाही असं वाटायचं, त्यातला बराचसा वेळ उचलण्या-ठेवण्यातच जात होता.

म्हणून आता टाचण्या लावलेली, कच्चा दोरा घातलेली, खडूने आखलेली कामं एका टोपलीत साठवत जाते. टोपली भरली की मशीन निघतं. आज टोपलीत चादरीचा मधला जोड, चादरीच्या चारही दुमडी, दोन पायजम्यांच्या आतल्या-बाहेरच्या शिवणी आणि आईंच्या उशीच्या अभ्र्याची उसवलेली बाजू होती. सगळ्याला एकच फिकट पांढरट दोरा.

चादरीचा जोड एकावर एक किनार १ सेंमी चढवून दोन समांतर टिपांनी सपाट केला. नेहमीसारखी शिवण घातली असती तर मधे उंचवटा आला असता आणि ती अंगाखाली टोचली असती.

मधे अर्धा तास मात्र वाया गेला. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे पुंजके यायला लागले. गोळा खाली दिसतो म्हणून मी बॉबिन तीनदा काढून बसवली, बॉबिनच्या पेटीचा स्क्रूही फिरवला. दोष वरच्या दोऱ्यात होता. दोरा ओवताना प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली होता, त्यामुळे ताणाच्या चकत्या मिटलेल्या आणि दोरा त्यांच्यामध्ये बसलाच नव्हता. फूट वर करून पुन्हा ओवला आणि पहिल्याच टिपेला सगळं सुरळीत. खाली पुंजके आले की आधी वरचा दोरा बघायचा, हे मशीनच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलंय.

२८ नोव्हेंबर

पायजम्यांचे नेफे, इलॅस्टिक कमरेपेक्षा ४ सेंमी कमी. सेफ्टी पिनेने ओवलं, हातानेच बंद केलं. झाले पायजमे.

१ डिसेंबर

लेकीला दोन रात्री ताप. उशाशी बसून विणलं. दिवा मंद होता, पण साध्या सुलट-उलट ओळींना डोळे लागत नाहीत, बोटांना कळतं. दर तासाला कपाळाला हात लावायचा, पाणी पाजायचं, ओळ पुरी करायची. पहाटे घाम येऊन ताप उतरला तेव्हा पाठ संपत आली होती. किती ओळी झाल्या ते लिहिलं नाही.

२ डिसेंबर

ती बरी आहे, झोपली आहे. उजेडात पाठ पाहिली. रात्री एक टाका सुलटच्या जागी उलट पडलाय, ९ ओळी खाली, बरोबर मध्यावर. सगळं उसवावं लागत नाही. त्या एकाच टाक्याच्या रेषेत वर येऊन सुईवरचा टाका सोडला, मुद्दाम शिडीसारखा खाली निसटू दिला आणि चुकीच्या टाक्यापर्यंत पोचल्यावर क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा समोरून ओढत परत वर आणला. नऊ वेळा. दहा मिनिटंही लागली नाहीत.

ओळी मोजल्या: ९४. चारच राहिल्या.

यापुढे दर २० ओळींना सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवणार. पुढे काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवता येतं, टाके त्याच्यावर थांबतात.

७ डिसेंबर

विणलेली लोकरी टोपी रोजच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात मशीनमध्ये गेली. यजमानांनी मदत म्हणून कपडे लावले होते, टोपी पँटच्या खिशात होती. बाहेर आली ती मुठीएवढी, जाड, टाके दिसेनासे. त्यांना फार वाईट वाटलं. मलाही वाटलं, तासन्‌तास घातलेले असतात.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. स्वेटरची लोकर मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली आहे, टोपीची तशी नव्हती. आता प्रत्येक लोकरी वस्तूच्या आतल्या बाजूला धुण्याची खूण टाकणार: लाल दोऱ्याचा एक टाका म्हणजे हातानेच धुवायचं. घरातल्या सगळ्यांना ती दाखवली.

टोपी फेकली नाही. असं घट्ट झालेलं लोकरीचं कापड कापलं तरी त्याचे धागे सुटत नाहीत. दोन गोल कापून एकावर एक शिवले, गरम भांडी उचलायला. लोकर सहज पेट घेत नाही आणि हात भाजू देत नाही.

१३ डिसेंबर

पुढचा भाग ५४ ओळींपर्यंत. इथून मुंढा सुरू, म्हणून कडेला रंगीत दोऱ्याची खूण बांधली. मुंढा सरळच ठेवलाय, टाके कमी नाहीत.

आज यजमानांशी बोलले. मी मोकळी दुपार मागत होते आणि ते मनापासून "रविवारी घे" म्हणत होते, पण तसा रविवार येत नव्हता. या नोंदींतून मला कळलं की गळ्यासारख्या कामाला दुपार लागत नाही. कोणी हाक मारणार नाही अशी सलग २० मिनिटं लागतात. ती मागितली. रोज रात्री जेवणानंतर ओटा आवरणं त्यांचं, ती २० मिनिटं माझी. दार लोटलेलं असेल तर मी मोजत्येय असं समजायचं.

१७ डिसेंबर

८२व्या ओळीला गळा. मधले १५ बंद, मग दोन्ही बाजूंना एक ओळ सोडून एक असा सहा वेळा एकेक टाका कमी. खांद्याला २४-२४ उरले, गळ्याचे २७. चार रात्रींत झाला, एकही चूक नाही. दिवसभराच्या तुटक वेळात हाच गळा मी तीनदा उसवला असता.

पाठीच्या मधल्या २७ टाक्यांना दोरा ओवून ठेवलाय, खांदे जोडले.

२१ डिसेंबर

बाही कशी करायची यावर दोन दिवस घेतले. मनगटापासून वर विणली तर नेहमीची पद्धत. पण मला ती वाढवता यायला हवी. टाके घातलेल्या बाजूने विणकाम सरळ उसवत नाही, बंद केलेल्या बाजूने उसवतं. म्हणून मुंढ्यावरून टाके उचलून खाली मनगटाकडे विणायची. पुढच्या वर्षी मनगटाची बॉर्डर उसवायची, २० ओळी घालायच्या, बॉर्डर परत विणायची.

मुंढ्याच्या ८८ ओळी, दर ४ ओळींमागे ३ टाके उचलायचे (२१ ला २८ हेच प्रमाण आहे), म्हणजे ६६, आणि खांद्याच्या जोडावर एक जास्त: ६७. मनगटाला ३९ हवेत. २८ कमी, दोन्ही कडांना मिळून १४ वेळा. बाहीच्या ७० ओळी, म्हणजे दर ५ ओळींनी. पण तशाने घट कधी सुलट बाजूला, कधी उलट बाजूला येईल. म्हणून एकदा ४ ओळींनी, एकदा ६ ओळींनी. सगळी घट सुलट बाजूलाच येते आणि मोजायला सोपी.

आईंना मोजणीचं काम दिलं. त्यांच्याजवळ वाटीत १४ बटणं आणि शेजारी रिकामी वाटी. मी घट केली की त्या एक बटण इकडून तिकडे टाकतात. मधे कोणी बोलावलं तरी वाटी हलत नाही.

२९ डिसेंबर

दोन्ही बाह्या झाल्या. रात्री डोळ्यांना गडद लोकर दिसत नाही, मांडीवर पांढरा नॅपकिन पसरून विणते, टाके सुटे दिसतात. डाव्या मनगटात कळ आली म्हणून दोन दिवस काहीच विणलं नाही. हे दोन दिवस मी कोणाच्या सांगण्याशिवाय स्वतः थांबले.

२ जानेवारी

गळा: २७ मागचे, १५ पुढचे, बाजूंना १२-१२, असे ६६, गोल सुईवर एक सुलट-एक उलट, ८ फेऱ्या. टाके बंद करून लेकीच्या डोक्यावरून घालायला गेले तर कपाळाशीच अडकला. डोकं ५२ सेंमी, गळा ताणून ४६ च्या पुढे जाईना. बॉर्डर ताणत होती, बंद केलेली कड ताणत नव्हती. तेवढी कड उसवली आणि ५ मिमीच्या सुईने सैल हाताने पुन्हा बंद केली. आता आरामात जातो. आईंनी बसल्या बसल्या त्याच्यात हात घालून तीनदा ताणून बघितला.

५ जानेवारी

बाजूच्या आणि बाहीच्या शिवणी एकाच सलग रेषेत, सुलट बाजूने, कडेच्या टाक्याच्या आतला आडवा धागा आळीपाळीने उचलत. ही रात्रीच्या २० मिनिटांची कामं, पाच दिवसांची धरली होती, तीन दिवसांत झाली. धागे आत ओवले. भिजवला, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, मापाने सपाट पसरला. छाती ३५ ला टेकली.

८ जानेवारी

वाळला. सकाळी शाळेत घालून गेली. बाही दीड सेंमी लांब आहे, एक घडी घातली. पायजम्याची दुमड अजून उलगडायची वेळ आलेली नाही. चादर दोनदा धुऊन झाली, मधला जोड सपाट आहे.

गडद गुंड्यातली ३५ ग्रॅम लोकर उरली, स्वेटरच्या मोजणीच्या कागदासकट पिशवीत ठेवली. बाही वाढवायची वेळ येईल तेव्हा बॉर्डरीला तीच लागेल. पिशवीवर टाके, सुईचा नंबर आणि "६७ ते ३९, ४-६ ओळी" असं लिहिलं.

आईंच्या जाकिटासाठी नवा नमुना विणून आज दुपारी धुतला. खिडकीपाशी टॉवेलवर वाळतोय. उद्या मोजेन.